स्लो कुकरमधलं मटण चिवट का राहतं आणि रस्सा पाणचट का होतो?

सकाळी नऊला कुकर लावला आणि संध्याकाळी पाचला झाकण काढलं. वर दोन बोटं पाणी, त्यावर पिवळट तेलाचा पापुद्रा. मटणाला काटा लावला तर तो रुतत नाही, आणि बटाटा अजून कच्चा. स्लो कुकर, म्हणजे मंद उष्णतेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, नवा घेतलेल्या घरात हे एकदा नाही, दोन-तीनदा होतं. त्यावर मिळणारा सल्ला ठरलेला असतो: 'अजून दोन तास ठेवा.' कधी त्यानं भागतं. पुष्कळदा मात्र मटण चिवटपणातून थेट कोरड्या दोऱ्यांवर जातं, मधली मऊ अवस्था सापडतच नाही.

घोळ बहुतेक वेळा तासांचा नसतो, भांड्यातल्या तापमानाचा असतो. 'लोवर (कुकरच्या मंद बटणावर; जोराचं ते हाय) आठ तास' हा आकडा मुळात पॉट रोस्टच्या पाककृतीतून आलेला आहे: गोमांसाच्या खांद्याचा दीड-दोन किलोचा बिनहाडाचा तुकडा, आतून चरबीच्या रेषा असलेला, आणि वीज दिवसभर एकसारखी. कर्नाटकात २०२० च्या कायद्यानं गाय-बैलांच्या कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी भागात हीच पद्धत बोकडाच्या खांद्याला किंवा मांडीला लावली जाते. बोकडाच्या स्नायूंच्या आत चरबी फार कमी असते. जरा कमी शिजलं तर ते चिवट लागतं आणि जरा जास्त झालं तर कोरडं पडतं. म्हणून तो आठ तासांचा आकडा जसाच्या तसा उचलू नका.

आधी कुकर तपासा, मटण नंतर

कुकर रिकामा असताना अर्ध्याच्या थोडं वर नळाचं पाणी भरा, झाकण लावा, लोवर आठ तास ठेवा. वेळ संपल्यावर झाकण काढून लगेच स्वयंपाकाचा थर्मामीटर पाण्यात बुडवा, कारण उघड्या भांड्यातलं तापमान भराभर उतरतं. ८५ ते ९३ अंश सेल्सिअस आलं तर कुकर ठीक आहे. ८५ च्या खाली आलं तर त्या कुकरमध्ये लोवर मटण लावूच नका, कायम हाय वापरा. ९३ च्या बरंच वर गेलं तर कुकर कडक आहे, पाककृतीतले तास कमी करा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर असल्यानं इथं पाणी साडेसत्त्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. तेव्हा १०० चा आकडा दिसला तर थर्मामीटरवरच संशय घ्या.

चाचणी नेमकी त्याच वेळी घ्या ज्या वेळी तुम्ही मटण लावता. याचं कारण व्होल्टेज. स्लो कुकरच्या आत साधी तापणारी तार असते आणि तिची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० व्होल्टला २४० वॅट देणारा कुकर २०० व्होल्टला सुमारे १८० वॅटच देतो, आणि १८० व्होल्टला जेमतेम १४७. म्हणजे व्होल्टेज पाचव्या हिश्श्यानं पडलं की उष्णता जवळजवळ चाळीस टक्क्यांनी पडते. दिवा किंचित मंद दिसतो, पंखा जरा हळू फिरतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. इकडे मटण मात्र सहा तास ७० अंशांवर रेंगाळत राहतं. मळ्यातल्या घरात, जिथं पंप सुरू झाले की व्होल्टेज खाली येतं, तिथं हा त्रास सगळ्यात जास्त. फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर आकडा दिसत असेल तर तोच दिवसातून चार वेळा लिहून ठेवा. २०० च्या खाली जात असेल तर दोनच मार्ग: कुकर स्टॅबिलायझरवरून चालवा, नाहीतर लो विसरून हायवर लावा. ज्यांच्याकडे पंपाची वेळ ठरलेली आहे त्यांनी ती टाळून लावणं सगळ्यात सोपं.

एक गोष्ट नीट समजून घ्या. बऱ्याच कुकरमध्ये लो आणि हाय शेवटी जवळपास एकाच तापमानाला पोचतात, हाय फक्त लवकर पोचतं. वॉर्म हे बटण शिजवण्यासाठी नाहीच, ते शिजलेलं गरम ठेवण्यासाठी आहे. वॉर्मवर रात्रभर कच्चं मटण ठेवणं धोक्याचं आहे.

मटण चिवट राहतं

स्नायूंच्या मधे आणि सांध्यांजवळ पांढरे पडदे असतात, ते कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे. मटण ६०-६५ अंशांना पोचलं की हे पडदे आक्रसतात आणि मांसातलं पाणी पिळून बाहेर काढतात. ७० च्या पुढे ते हळूहळू विरघळायला लागतात आणि ८५-९० ला तो वेग वाढतो. पायाचं सूप ओठांना चिकटतं ते याच विरघळलेल्या कोलॅजनमुळे. म्हणूनच मधेच काटा टोचून पाहिलं तर मटण कच्च्यापेक्षाही घट्ट वाटतं. ते बिघडलेलं नसतं, अर्ध्या वाटेवर असतं. हाडाजवळ, पण हाडाला न टेकवता, थर्मामीटर घाला. ९० ते ९३ दिसलं आणि काटा घालून फिरवल्यावर तो सहज फिरला की झालं.

आता दुकानातली गोष्ट. रविवारी पहाटे कापलेलं मटण आठला आणून नऊला कुकरमध्ये घालणं हे चिवटपणाचं मोठं कारण आहे. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात, आणि तो ताठरपणा उतरायला साधारण एक दिवस लागतो. चुलीवर खळखळून उकळताना किंवा प्रेशर कुकरमध्ये हे झाकून जातं, स्लो कुकरमध्ये उघडं पडतं. मटण शनिवारी आणा, मीठ लावा, झाकून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि रविवारी लावा. ताजं मटण आणल्या आणल्या फ्रीजरमध्ये टाकू नका. ताठरपणा येण्याआधीच गार झालेले स्नायू आखडतात आणि ते नंतर सुटत नाहीत.

कापाकडे लक्ष द्या. नेहमीचे रस्स्याचे दोन बोटांचे तुकडे इथं चालत नाहीत. ते बाहेरून दोरे होतात आणि हाडांचे कण रश्शात उतरतात. 'मामा, तुकडे नकोत, पुढचा खांदा अखंड द्या, नळी एकाच ठिकाणी मोडा,' असं सरळ सांगा. खांदा आणि मान या पद्धतीला सगळ्यात चांगली, कारण कोलॅजन भरपूर. मागची मांडी दिसायला देखणी असते, पण बरीच कोरडी. घ्यायचीच असेल तर हाडासकट घ्या आणि वरची चरबी काढू देऊ नका. चाप मात्र स्लो कुकरमध्ये घालू नका, तो काही मिनिटांत होणारा काप आहे, तासन्‌तास शिजवला की वाया जातो.

कच्च्या पपईबद्दल ठाम सांगायला हवं: इथं नको. पपईतला पाचक रस ६०-७० अंशांना सगळ्यात जोरात काम करतो, आणि स्लो कुकर मटणाला नेमकं त्याच तापमानातून अगदी सावकाश नेतो. परिणाम असा, की वरचा थर पिठासारखा भुगा होतो आणि आतलं तसंच राहतं. भट्टीवर भाजायच्या मटणाला पपई ठीक आहे, तिथं ते तापमान लवकर ओलांडलं जातं.

आजचं मटण आत्ता चिवट निघालं असेल तर असं करा. हाताशी वेळ असेल तर झाकण न उघडता हायवर एक ते दीड तास. पाहुणे येऊन बसले असतील तर मटण आणि रस प्रेशर कुकरमध्ये ओता, पालव्याचं (कोवळ्या बोकडाचं) असेल तर एक शिटी, जून बोकडाचं किंवा मेंढीचं असेल तर तीन. दोरे सुटलेलं कोरडं मटण मात्र पुन्हा रसाळ होत नाही. ते हातानं मोकळं करून आटवलेल्या दाट रश्शात परता, भाकरीबरोबर चांगलं लागतं.

रस्सा पाणचट होतो

उघड्या पातेल्यात वाफ निघून जाते, इथं ती झाकणावर जमून परत खाली पडते. वर मटण स्वतःचं पाणी सोडतं. सव्वा किलो हाडाच्या मटणातून सुमारे पाव लिटर रस सुटतो, कांद्याचं पाणी वेगळं. नेहमीच्या सवयीनं तीन पेले पाणी घातलं की शेवटी लिटरभर पातळ पाणी हातात येतं. सव्वा किलोला १५० मिलि पाणी पुरे, तेही उकळतं. मटण बुडायला हवं हा आग्रह सोडा. तळाला दोन बोटं रस असला की झाकणाखालची वाफ बाकीचं काम करते.

दुसरं कारण वाटणाचं. सुकं खोबरं, तीळ, खसखस यांचं वाटण सुरुवातीलाच घातलं तर आठ तासांत त्याचं तेल वर येतं, चोथा तळाला बसतो आणि भाजल्याचा वास निघून जातो. नारळाचं दूध आणि दही तर फाटतंच. आपल्या पट्ट्यात मटण आधी आळणी शिजवून मग तिखटाच्या फोडणीत सोडायची जी रीत आहे ती स्लो कुकरला अगदी बसते. कुकरमध्ये फक्त आळणी शिजवा आणि रस्सा कढईत करा. आमच्या मते हा एकच बदल निम्म्या तक्रारी मिटवतो.

प्रमाण सव्वा किलो अखंड खांद्याचं. रात्री १२ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दोन चहाचे चमचे, आणि अर्धा चमचा हळद चोळून फ्रीजमध्ये. सकाळी कपड्यानं टिपून कोरडं करा. लोखंडी कढईत दोन मोठे चमचे तेल चांगलं तापवून खांदा प्रत्येक बाजूनं तीन-चार मिनिटं, तांबूस तपकिरी होईपर्यंत भाजा. यानं रस आत कोंडला जातो असं म्हणतात ते खरं नाही. पण खमंगपणा इथूनच येतो, आणि स्लो कुकर तो कधीच देऊ शकत नाही. मटण काढून त्याच कढईत दोन चिरलेले कांदे लाल करा, दोन मोठे चमचे आलं-लसणाचं वाटण घालून कच्चा वास जाईपर्यंत परता. कच्चा लसूण थेट कुकरमध्ये घातला तर त्याचा उग्रपणा दिवसभरातही जात नाही. मग १५० मिलि उकळतं पाणी ओता, कढईला चिकटलेलं खरवडा आणि सगळं मटणावर घाला. लवंग आणि दालचिनी नेहमीच्या निम्मीच, कारण इतक्या तासांत त्यांचा अर्क पूर्ण उतरतो आणि रस्सा कडवट होतो.

मटण झाल्यावर ते हलक्या हातानं ताटात काढा आणि झाकून ठेवा. रस पातेल्यात ओतून दहा मिनिटं स्थिर ठेवा आणि वर आलेली चरबी डावानं वेगळी काढा. ती टाकू नका, तिचीच फोडणी करायची आहे. कढईत ती चरबी आणि एक चमचा तेल तापवा, आच मंद करून तीन मोठे चमचे कांदा-लसूण चटणी घाला आणि अर्धा मिनिट परता. ४० ग्रॅम भाजलेलं सुकं खोबरं, एक मोठा चमचा तीळ, एक छोटा चमचा खसखस आणि एक भाजलेला कांदा यांचं वाटण घालून तेल सुटेपर्यंत परता. मग रस घाला, उघड्यावर मोठ्या आचेवर दहा-पंधरा मिनिटं आटवा, शेवटी मटण सोडा. मीठ आटवून झाल्यावरच चाखा. आधी चाखून घातलेलं मीठ आटल्यावर खारट होतं.

लाल कट येत नाही ही तक्रारही इथंच सुटते. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. चटणी कुकरमधल्या पाण्यात घातली की रंग मळकट तांबडा येतो आणि तिखटपणा घशाला कच्चा लागतो. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी संकेश्वरी, आणि दोन्ही तेलात. संकेश्वरी आठ तास शिजवलेल्या रश्शात घरातल्या मुलांना सोसत नाही, शेवटी घातली तर मात्रा हातात राहते.

बटाटा, गाजर कच्चंच

मटण झालं तरी बटाटा करकरीत, हे पाहून लोक चक्रावतात. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन ८५ अंशांच्या आसपास सुटायला लागतं. त्याहून वाईट म्हणजे भाजी ५५ ते ७० अंशांत फार वेळ राहिली तर तिच्यातलाच एक विकर (एन्झाइम) हे पेक्टिन आणखी घट्ट करतो, आणि मग ती कितीही शिजवली तरी पूर्ण मऊ होत नाही. लोवर गार भांड्यात सुरुवात केली की भाजी नेमकी त्याच पट्ट्यात दोन-तीन तास अडकते. टोमॅटो, चिंच, आमसूल यांचा आंबटपणाही भाजीला कडक ठेवतो, म्हणून आंबट काहीही असलं तर ते कढईतल्या टप्प्यावर घाला.

बटाटे आणि गाजरं तीन सेंटिमीटरच्या फोडी करून तळाला, कडेला लागून ठेवा, कारण तार तिथंच असते. मटण वर. नाहीतर भाजी मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळून शेवटच्या दीड तासात गरम गरमच घाला. त्यासाठी झाकण एकदा उघडावं लागतं, ते चालेल. पण 'कसं चाललंय' म्हणून दर तासाला उघडू नका. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला वीस मिनिटं तरी लागतात, व्होल्टेज कमी असेल तर त्याहून जास्त. झाकण हलत असेल किंवा त्याखाली हाड आलं असेल तर दिवसभर तेच होत राहतं. खांदा मोठा असेल तर नळी मोडून घ्या, झाकण नीट बसलंच पाहिजे.

वेळ किती

उकळत्या पाण्यानं सुरुवात केलेली, कुकर अर्धा ते दोन-तृतीयांश भरलेला आणि व्होल्टेज २२० च्या वर, असं धरून: सव्वा किलोचा खांदा हायवर साडेचार ते साडेपाच तास, किंवा पहिला तास हाय आणि मग लोवर सहा ते सात. पालव्याचा खांदा हायवर तीन-साडेतीन तासांत होतो. मेंढीच्या जून मांडीला हायवर सहा तासही लागतात. पाऊण किलो मटण सहा लिटरच्या कुकरमध्ये लावलं तर तळाशी करपतं आणि वर कोरडं पडतं. त्याला साडेतीन लिटरचा कुकर हवा. गोठलेलं मटण थेट कधीच घालू नका, आतला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि त्यात जंतू वाढतात.

मधेच वीज गेली तर

तुम्ही घरी असाल आणि मटण अजून शिजलेलं नसेल तर वाट पाहू नका, लगेच पातेल्यात ओतून गॅसवर पूर्ण करा. शिजून झालेलं असेल तर झाकण न काढता दोन तासांपर्यंत कुकरमध्ये राहिलं तरी चालतं.

घरी नसताना किंवा झोपेत वीज गेली तर निर्णय अवघड होतो. फिरवायच्या बटणाचा कुकर वीज आली की आपोआप सुरू होतो, त्यामुळे सकाळी सगळं गरम आणि व्यवस्थित दिसतं. मधे तीन तास बंद होता हे कळायला मार्ग नसतो. डिजिटल कुकर बहुधा बंदच राहतो. वीज गेली की शून्यावर येऊन लुकलुकणारं एखादं जुनं विजेचं घड्याळ त्याच बोर्डावर लावून ठेवा, त्यावरून वीज गेली होती हे लगेच कळतं. किती वेळ गेली होती हे समजत नसेल तर ते मटण टाकून द्या. हजार रुपयांचं मटण टाकताना जीव तुटतो हे खरं. पण काही जंतूंनी तयार केलेलं विष नंतर कितीही उकळलं तरी जात नाही.

इन्व्हर्टर असेल तर प्रश्न हलका होतो. २४० वॅटचा कुकर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या चांगल्या बॅटरीवर साधारण चार तास चालतो, अर्थात पंखे-दिवे वेगळे धरून. त्यासाठी कुकर इन्व्हर्टरच्या प्लगवर आहे का, हे आधी बघा. स्वयंपाकघरातले प्लग बहुतेक घरांत इन्व्हर्टरला जोडलेले नसतात.

अमेरिकेहून कुणी कुकर आणून दिला असेल तर तळाचं लेबल वाचल्याशिवाय लावू नका. १२० व्होल्टचा कुकर इथं थेट लावला तर साडेतीन पटीहून जास्त ताकद खेचतो आणि जळतो. त्याला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हवा, २४० वॅटच्या कुकरला निदान ५०० वॅटचा. आखाती देशांतून आणलेल्यावर २२०-२४० लिहिलेलं असेल तर तो तसाच चालतो, फक्त पिना वेगळ्या असतात.

मातीचं आतलं भांडं फ्रीजमधून काढून थेट तापलेल्या कुकरमध्ये बसवू नका आणि गरम असताना त्यात गार पाणी ओतू नका, तडा जातो. उरलेलं मटण त्या भांड्यात न ठेवता पसरट डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी गरम करायचं ते गॅसवर, खळखळून. स्लो कुकर गार रश्श्याला उकळी आणायला दोन-तीन तास लावतो, आणि तेवढ्यात तो बिघडतो.